एचकेएसचा कारखाना पाहिला: फुजीच्या पायथ्याशी टर्बो कसा घडतो

घाटवळण

गेली काही वर्षं मी हामामात्सुजवळ गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. कामाच्या ओळखीतून आमच्यापैकी काही जणांना फुजिनोमियाचा एचकेएसचा, म्हणजे टर्बोसारखे गाडीची ताकद वाढवणारे पार्ट बनवणाऱ्या कंपनीचा, कारखाना आतून पाहायची परवानगी मिळाली. गाड्यांच्या कुठल्याही धाग्यावर चार प्रतिसाद झाले की एचकेएसचं नाव निघतंच, पण तो माल बनतो कसा यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. फोटो नाहीत, आत शिरतानाच फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली गेली.

आधी जागेबद्दल. शिंकान्सेनने शिन-फुजीला उतरायचं आणि गाडीने उत्तरेकडे चढत जायचं. फुजिनोमिया गाव मागे पडलं की कितायामा भाग लागतो. शिराइतोचा धबधबा इथून जवळ. आणखी वर आसागिरीचं पठार, तिथे आजही दुभत्या गाई चरताना दिसतात. गाईंचं मुद्दाम सांगतोय, कारण १९७३ साली ही कंपनी सुरू झाली ती फुजीच्या पायथ्याच्या एका गोठ्याच्या शेडमध्ये. हिरोयुकी हासेगावा हे यामाहातले इंजिन अभियंते. त्यांनी आणि गोइची कितागावांनी मिळून काम सुरू केलं, भांडवल घातलं सिग्मा ऑटोमोटिव्हने. या तिघांची आद्याक्षरं म्हणजे एचकेएस.

दुसऱ्याच वर्षी, १९७४ मध्ये, त्यांनी प्रवासी गाडीला बसेल असा टर्बो किट काढला. त्या वेळी जपानमधली एकही कंपनी टर्बोवाली कार विकत नव्हती. निस्सानची टर्बो सेड्रिक आली १९७९ च्या अखेरीस. म्हणजे गोठ्यातल्या या मंडळींनी मोठ्या कंपन्यांच्या पाच वर्षं आधी हे करून दाखवलं होतं. पुढे १९८३ मध्ये त्यांच्या एम३०० नावाच्या सेलिका डबलएक्सने याताबेच्या चाचणी-मार्गावर ताशी ३०१.२५ किलोमीटर वेग गाठला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तर त्यांनी फॉर्म्युला वनसाठी साडेतीन लिटरचं व्ही-१२ इंजिन स्वतः बनवलं. ते शर्यतीत कधी उतरलं नाही, पण एवढ्याशा कंपनीने ते डिझाइन करून, ओतून, चालवून दाखवलं याचं मला आजही अप्रूप आहे.

आता कारखाना. मला सगळ्यात जास्त भावला तो टर्बोचा भाग. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चाकं. एकावर इंजिनातून निघणारा तापलेला वायू आदळतो, दुसरं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. वायूकडचं चाक निकेलच्या मिश्रधातूचं, कारण तिथे ९०० अंशांच्या वरची धग सोसायची असते. हवेकडचं ॲल्युमिनियमचं, हलकं. इथपर्यंत आपल्या सगळ्यांना माहीत असतं. मला नीट कळलं नव्हतं ते तोल साधण्याचं काम. चाकं, दांडा, नट असं सगळं जोडून झाल्यावर तो आख्खा गाभा यंत्रावर बसवून फिरवतात, कंप मोजतात आणि जिथे जड आहे तिथून कणभर धातू घासून काढतात. पुन्हा फिरवतात. हा कण किती महत्त्वाचा, ते मी परतताना गाडीत बसून वहीवर मांडून पाहिलं. समजा अक्षापासून २० मिलिमीटरवर फक्त ०.१ ग्रॅम जास्त आहे आणि टर्बो मिनिटाला १,२०,००० फेरे घेतोय. तेवढ्यामुळे दांड्यावर साधारण ३२ किलोंची ओढ बसते, आणि ही ओढ सेकंदाला २,००० वेळा दिशा बदलते. बेअरिंगमधला तेलाचा थर केसाहून पातळ. पुढे काय होणार ते सांगायला नको. ६० मिलिमीटरच्या चाकाच्या पात्याचं टोक तेव्हा सेकंदाला ३७५ मीटरच्या आसपास धावत असतं, म्हणजे आवाजाहून जास्त वेगाने.

दुसरी जागा जिथून मी हलायलाच तयार नव्हतो ती टायटॅनियमच्या सायलेन्सरची. टायटॅनियम तापलं की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेतं आणि ठिसूळ होतं. म्हणून वेल्डिंग करताना बाहेरून आर्गॉन सोडतातच, शिवाय पाइपाची दोन्ही तोंडं बंद करून आतही आर्गॉन भरतात. सांधा जमला की नाही हे रंगावरून कळतं. चांदीसारखा पांढरा चकचकीत असेल तर उत्तम. गवती पिवळा चालतो. निळा दिसला की शंका घ्यायची, आणि राखाडी, भुरकट पडला तर तो सांधा गेला. आपण रस्त्यावर निळी झाक असलेल्या सायलेन्सरवर भाळतो. तो टोकाचा निळा रंग मुद्दाम तापवून आणलेला असतो, पण तोच निळा जर सांध्यावर उमटला तर कामात हवा शिरली असा अर्थ. मी पाहिलेला सांधा इतका एकसारखा होता की एकावर एक रचलेल्या नाण्यांची चळत आडवी करून ठेवावी तसा दिसत होता, आणि शेवटपर्यंत पांढराच. टॉर्च विझल्यावरही तो माणूस लगेच हात काढत नाही. धातू थंड होईपर्यंत आर्गॉनची धार तिथेच धरून उभा राहतो. घाई करणाऱ्याच्या सांध्याच्या शेवटी निळा ठिपका येतो.

मग इंजिन डायनोच्या, म्हणजे इंजिन भाराखाली चालवून त्याची ताकद मोजण्याच्या खोल्या. जाड काचेपलीकडे चौथऱ्यावर बांधलेलं इंजिन, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड नारिंगी झालेला, आणि अलीकडे माणसं पडद्यावरच्या रेघा बघत बसलेली. आपल्याकडे डायनो म्हटलं की एकच आकडा विचारतात, किती हॉर्सपॉवर? इथे बसलेल्यांची नजर त्या आकड्याकडे फार कमी वेळा जात होती. तेलाचं तापमान, पाण्याचं, एक्झॉस्ट वायूचं, नॉकिंगची (इंधन अवेळी पेटण्याची) चाहूल, इंधन-हवेचं प्रमाण, सगळं धरून तासन् तास त्याच भारावर इंजिन चालवत ठेवायचं. मी जे काही पाहिलं त्याचं सार मला इथे सापडलं. पार्ट बनवणं हे त्यांच्या कामाचं एक अंग आहे, पण खरा धंदा आहे तो पार्ट कुठे आणि कधी हार मानतो हे आधी शोधून ठेवण्याचा. ताकद वाढवणं त्या मानाने सोपं आहे. वाढवलेली ताकद उन्हाळ्यात, चढावर, कंटाळलेल्या तेलावर टिकते का, हे ठरवायला या खोल्या लागतात.

शॉकअपचा विभाग धावत बघावा लागला. एवढंच सांगतो की प्रत्येक शॉकअप यंत्रावर वरखाली हलवून त्याचा वेग-बल असा आलेख काढतात, आणि उजव्या-डाव्या जोडीचे आलेख एकमेकांवर बसले पाहिजेत.

जेवायला गावात येऊन फुजिनोमियाची याकिसोबा खाल्ली. इथे ती प्रसिद्ध आहे. शाकाहारी मंडळींनी मात्र सांभाळून, तिच्यात डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे आणि वरून माशाची भुकटी असते.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तेवढं सांगतो.


टर्बोतात्या

फार दिवसांनी असा धागा वाचला. ०.१ ग्रॅम आणि ३२ किलो हे वाचून खरंच थबकलो. मी साताऱ्यात डिझेल टर्बो दुरुस्त करतो. आमच्याकडे ट्रकचे टर्बो येतात, त्यातले निम्मे तेल वेळेवर न बदलल्यामुळे गेलेले. नवीन गाभा टाकताना गिऱ्हाईक म्हणतं, नुसतं चाक बदला, बाकी जुनंच ठेवा. मी नाही म्हणतो, कारण चाक, दांडा आणि नट यांचा तोल एकत्र साधलेला असतो. नट परत लावताना खूण जुळवली नाही तरी तोल बिघडतो. तुम्ही ते आकड्यात मांडलंत, आता हाच हिशोब कागदावर लिहून दुकानात चिकटवतो.

एक विचारायचं होतं. तिथे बॉल बेअरिंगचे टर्बो दिसले की साध्या बुशचे?


घाटवळण

तात्या, दोन्ही प्रकार जगात आहेत आणि एचकेएसच्या यादीतही दोन्ही आले आहेत. साध्या बुशमध्ये दांडा तेलाच्या थरावर तरंगतो, त्याला तेल जास्त लागतं आणि सुरुवातीला घर्षण जास्त. बॉल बेअरिंगवाला लवकर वेग घेतो, गाडीला लगेच दम मिळतो, पण महाग आणि मळक्या तेलाला कमी सहनशील. तुमच्या ट्रकच्या कामात बुशचाच टर्बो शहाणपणाचा.


अनुजा_नागोया

छान लिहिलंय. मला जपानमध्ये बरीच वर्षं झाली, पर्यटक म्हणून येणाऱ्यांचे हेच प्रश्न मला येत असतात म्हणून भर घालते. पार्ट बनवणाऱ्यांचे कारखाने म्हणजे म्युझियम नव्हे, न कळवता गेटवर जाऊन उभं राहू नका. पण गाड्यांची आवड असेल तर बघण्यासारखं भरपूर आहे. योकोहामाच्या त्सुरुमीत निस्मोचं, म्हणजे निस्सानच्या शर्यतीच्या शाखेचं कार्यालय आहे, तिथे शर्यतीच्या गाड्या मांडलेल्या असतात आणि ओमोरी फॅक्टरी या त्यांच्या कार्यशाळेचं कामही तिथेच चालतं. जानेवारीत येत असाल तर चिबाच्या माकुहारी मेस्से इथे टोक्यो ऑटो सलॉन भरतं. १९८३ पासून सुरू आहे, आणि एचकेएससकट सगळे मोठे पार्टवाले एका छताखाली सापडतात. त्याच महिन्यात फुजी स्पीडवेवर एचकेएस प्रीमियम डे असतो, तिथे त्यांच्या डेमो गाड्या प्रत्यक्ष पळताना बघता येतात. मी मुलांना घेऊन गेले होते. पॅडकमध्ये कुणीही प्रश्न विचारला तरी तिथले लोक खाली बसून लहान मुलालाही समजावून सांगतात. थंडी मात्र कडाक्याची, स्वेटरवर स्वेटर घाला.

जुने पार्ट घ्यायचे असतील तर अप गॅरेजच्या दुकानांत जा. वापरलेले शॉकअप, व्हील, स्टीअरिंग रांगेने लावलेलं असतं आणि प्रत्येकावर किंमत आणि अवस्था लिहिलेली.


चौथा_गिअर

अनुजाताई, त्सुरुमीचं लिहून ठेवलं, पुढच्या वर्षी जायचा बेत आहे.

घाटवळण, तुम्ही निस्सान स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी२६ इंजिनाचा उल्लेख केला नाहीत! त्यांचा २.८ लिटरचा किट अजून बनतो का ते दिसलं का?


घाटवळण

लिहिताना राहून गेलं, कारण त्यावर वेगळा धागाच होईल. मूळ आरबी२६ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७३.७ मिलिमीटर, म्हणजे २,५६८ सीसी. एचकेएसच्या २.८ किटमध्ये बोअर ८७ आणि स्ट्रोक ७७.७, हिशोब केला तर २,७७१ सीसी येतात. यात नवा क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन. जपानी कंपन्यांनी १९८९ पासून २००४ पर्यंत आपापसात ताकदीची २८० पीएसची (मेट्रिक हॉर्सपॉवरची) मर्यादा पाळली होती, त्यामुळे स्कायलाइन जीटी-आरच्या कागदावर तेवढंच लिहिलेलं असायचं. इंजिनाच्या अंगात त्याहून बरंच जास्त सोसायची ताकद होती. ट्यूनिंगवाल्यांनी नेमकं ते ओळखलं. माझ्या मते त्या काळात या कंपन्यांची एवढी भरभराट झाली त्याचं मोठं कारण हेच.


सह्याद्री_फिरस्ता

धागा वाचून हात शिवशिवायला लागले, पण भारतात यातलं काय कायद्यात बसतं? माझ्या टर्बो पेट्रोल हॅचबॅकला एक्झॉस्ट बदलायचा आणि इसीयू (इंजिन चालवणारा संगणक) नव्याने मॅप करायचा मनात आहे. मित्र म्हणतात कुणी विचारत नाही.


काळा_कोट

कुणी विचारत नाही, हे अपघात होईपर्यंत खरं असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. नोंदणी प्रमाणपत्रात जे तपशील आहेत आणि कंपनीने मुळात जे ठरवून दिलं आहे, त्यापेक्षा वेगळी होईल अशी फेररचना गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम असंच कडक वाचलं. सीएनजीसारख्या बदलांना परवानगीची वाट कायद्यात आहे, पण ती आरटीओकडे नोंदवून. विमा कंपनीला न कळवता इंजिनात बदल केला तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. एका अशिलाच्या प्रकरणात मी हे जवळून पाहिलं आहे. घरच्यांना किती ताप झाला ते इथे लिहीत नाही, पण करण्याआधी दहादा विचार करा.

ज्यांना वेगच हवा आहे त्यांनी ट्रॅकवर जावं. कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे.


घाटवळण

काळा_कोट साहेबांशी पूर्ण सहमत. जपानमध्येही हे आपोआप मोकळं झालेलं नाही. आधी तिथेही जवळपास प्रत्येक बदलासाठी परवानगीचे सोपस्कार होते. १९९५ मध्ये नियम सैल केले. ठरावीक प्रकारचे पार्ट ठरावीक मर्यादेत बसवले तर वेगळी मंजुरी लागत नाही, असं झालं. तरी दर दोन वर्षांनी गाडीचं पासिंग करावं लागतं (नव्या गाडीचं पहिलं तीन वर्षांनी) आणि तिथे उंची, आवाज, धूर सगळं मोजतात. सायलेन्सरचं तर २०१० पासून आणखी कडक झालं. एप्रिल २०१० नंतर बनलेल्या गाड्यांना आधी तपासून प्रमाणित केलेलाच सायलेन्सर लावायचा. म्हणून एचकेएससारख्या कंपन्या आवाजाच्या चाचण्यांवर एवढी मेहनत घेतात. चांगला सायलेन्सर म्हणजे मोठा आवाज, हा समज मी तिथे पुरता खोडला गेलेला पाहिला.

मला मनापासून वाटतं की आपल्याकडेही हाच मार्ग यायला हवा. पार्ट तपासा, प्रमाणपत्र द्या, आरटीओत नोंद करा. तपासणी करायला पुण्यात १९६६ पासून एआरएआय आहेच. यंत्रणा नाही असं म्हणता येणार नाही, नियमाची वाट नाही.


शिक्रापूरकर

मी मॅगव्हीलच्या (मिश्रधातूच्या चाकांच्या) धंद्यात आहे. शिक्रापूरला हामामात्सुच्या एन्केईचा कारखाना आहे हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. एन्केई म्हणजे आरपीएफ१ या व्हीलवाली, पूर्वी मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाड्यांना व्हील देणारी. संभाजीनगरला एक्सेडीचा क्लचचा कारखाना आहे, तीही जपानमध्ये शर्यतीचे क्लच बनवते. म्हणजे या जगाचं एक टोक आपल्या एमआयडीसीत आहे, फक्त इथे रोजच्या गाड्यांचा माल बनतो.

घाटवळण जे म्हणतात, पार्ट कुठे हार मानतो ते शोधायचं, त्याचं व्हीलमधलं उदाहरण सांगतो. या धंद्यात व्हीलवर तीन चाचण्या सगळीकडे करतात. पहिली, व्हील पक्कं धरून हबला वाकवणारा भार देत फिरवत ठेवायचं, म्हणजे गाडी सतत वळण घेतेय असं. दुसरी, टायर चढवून भाराखाली ड्रमवर पळवायचं. तिसरी, व्हील १३ अंश तिरकं ठेवून वरून वजन टाकायचं, म्हणजे खड्ड्याची किंवा फुटपाथची धडक. तिसरी चाचणी एकदा डोळ्यांनी पाहिली की बनावट व्हीलच्या जवळही जाणार नाही. चांगलं व्हील दबतं, वाकतं, पण हवा धरून ठेवतं. वाईट ओतकामाचं व्हील तुकडे होऊन उडतं. ओतताना आत अडकलेले हवेचे बुडबुडे बाहेरून दिसत नाहीत, म्हणून क्ष-किरण तपासणी करतात. रंगाखाली सगळी व्हीलं सारखीच सुंदर दिसतात.

नुसत्या ओतीव व्हीलपेक्षा रिम फिरवत, दाबत लांबवलेलं व्हील पातळ असूनही जास्त मजबूत होतं. एन्केईची एमएटी पद्धत हीच. आणि घडाईचं, म्हणजे फोर्ज्ड, त्याच्याही वर. रेजचं टीई३७ त्यातलं. नावातला ३७ हा ३.७ किलोचा, १५ इंची ६ जे मापाचं व्हील तेवढ्या वजनात बसलं होतं, १९९६ साली. आज बाजारात टीई३७ च्या आकाराची जी स्वस्त नक्कल मिळते ती हातात घेऊन बघा, वजनातच उत्तर मिळतं.


मुंबईचा_मेकॅनिक

नकलांचा विषय निघाला म्हणून लिहितो. एका गिऱ्हाइकाने शहरातल्या एका दुकानातून एचकेएसचा म्हणून ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (टर्बोतली जादा दाबाची हवा सोडणारी झडप) घेतला. डबा चकाचक, स्टिकर झकास. लावल्यावर गाडी सिग्नलला थांबली की आयडलिंग डगमगायचं आणि पिकअपला दम नाही. उघडून पाहिलं तर आतला पिस्टन तिरका बसत होता, आणि रबराची रिंग पहिल्याच उन्हात कडक झालेली. एचकेएसच्या खऱ्या व्हॉल्व्हमध्ये, एसएसक्यूव्हीमध्ये, एक छोटा आणि एक मोठा असे दोन व्हॉल्व्ह असतात. कमी दाबाला छोटा उघडतो, जास्त दाबाला मोठा. नकलेत दुसरा व्हॉल्व्ह नुसता शोभेचा होता. मी मूळचा भाग परत बसवून दिला, गाडी लगेच सुरळीत. पैसे मात्र गेलेच.

सगळ्यांना कळकळीने सांगतो, अस्सल परवडत नसेल तर कंपनीचाच पार्ट राहू द्या. नकलेपेक्षा तो शंभर पटीने बरा.


मीरा_कु

मला या विषयाचं प्रेम नाही, हे आधीच सांगते, पण धागा पूर्ण वाचला. माझ्या आईला दम्याचा त्रास आहे आणि आमच्या गल्लीत रात्री फटाके फोडत जाणाऱ्या गाड्या असतात. जग विजेच्या गाड्यांकडे चाललं असताना पेट्रोल जास्त जाळून जास्त ताकद काढण्याच्या विद्येचा एवढा गौरव करावा का, हा प्रश्न मला पडला.


घाटवळण

मीराताई, प्रश्न रास्त आहे. रात्री गल्लीत आवाज करणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. तो ट्यूनिंग करत नसतो, नुसती जाळी कापलेली असते.

पण जे मी पाहिलं त्यात इंधन वाया घालवणं कुठेच नव्हतं. टर्बोची मूळ कल्पनाच अशी की जो वायू एरवी फुकट बाहेर जातो त्याच्यातली ऊर्जा परत वापरायची. आज घरोघरी ज्या एक लिटरच्या तीन सिलिंडरच्या टर्बो गाड्या आहेत त्या याच विद्येवर चालतात, मोठ्या इंजिनाचं काम छोट्याकडून करून घेतात. आणि एचकेएसही जागच्या जागी बसलेली नाही. २०२३ च्या टोक्यो ऑटो सलॉनमध्ये त्यांनी तीस वर्षांहून जुनं आरबी२६ नव्याने बांधून मांडलं होतं. ठिणगी एका छोट्या उपकक्षात पडते, तिथून ज्वाळेच्या धारा मुख्य कक्षात जातात, म्हणजे पातळ मिश्रणही नीट जळतं. जुनी गाडी भंगारात न काढता कमी धुरात चालवायची, अशी त्यामागची दिशा. पेट्रोलचं इंजिन नैसर्गिक वायूवरही चालावं यासाठी त्यांनी काम केलं आहे. उद्या मोटर विजेची झाली तरी शॉकअप, ब्रेक, थंड ठेवण्याची व्यवस्था या सगळ्याची चाचणी कुणीतरी करायलाच हवी.

तुमच्या आईंना बरं वाटो. गल्लीच्या त्रासाबद्दल तक्रार जरूर करा. सायलेन्सर कापणं हा आपल्याकडे गुन्हा आहे.


मीरा_कु

उत्तर आवडलं. उपकक्षाचं माहीत नव्हतं. तक्रार करते.


सीओईपी_तिसरं_वर्ष

सर, मी आमच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये इंजिन बघतो. आमचं इंजिन मोटरसायकलचं, हवा २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधून (नियमाने घातलेल्या अरुंद तोंडातून) घ्यावी लागते. अशा कंपनीत काम करायचं असेल तर काय शिकावं? जपानी भाषा किती लागते?


घाटवळण

तुमच्या वयाच्या मुलांनी हे विचारलं की फार बरं वाटतं. भाषेचं आधी सांगतो. कार्यशाळेत, डायनोच्या खोलीत, पुरवठादाराशी बोलताना सगळं जपानीत चालतं. जपानी भाषेच्या परीक्षेत एन२ पातळीपर्यंत गेलात तर दारं उघडतात, एन३ वरही काही कंपन्या घेतात. आत्तापासून सुरू करा, पुण्यात शिकवणाऱ्या चांगल्या जागा पुष्कळ आहेत.

कामाचं म्हणाल तर सिम्युलेशन सगळेच शिकून येतात. मोजायला फार थोड्यांना येतं. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) कुठे बसवायचं, सेन्सरचा आकडा कधी खोटा असतो, एकाच चाचणीचे निकाल दोन दिवस वेगळे का येतात, हे ज्याला सांगता येतं त्याला कुणीही ठेवून घेईल. तुमच्या टीममध्ये जो पार्ट तुटेल तो फेकू नका. कुठून तडा गेला, तुटलेला पृष्ठभाग कसा दिसतो, किती तास चालला होता, हे फोटोसकट लिहून ठेवा. मुलाखतीत ती वही पुढे केलीत तर गुणपत्रिकेपेक्षा जास्त वेळ तिच्यावर बोलणं होईल. आणि टिग वेल्डिंग स्वतः शिका, निदान स्टीलवर.


शिक्रापूरकर

+१. तुटलेल्या पृष्ठभागावर समुद्राच्या लाटांनी वाळूवर उठावेत तसे वळ दिसले तर तो थकव्याचा तडा, हळूहळू वाढलेला. खडबडीत दाणेदार दिसलं तर एकदम तुटलेला. सुरुवात कुठून झाली ते त्या वळांवरून मागे जात शोधता येतं. बहुतेक वेळा एखाद्या तीक्ष्ण कोपऱ्यात किंवा सीएनसीच्या ओरखड्यात सापडतं.


सीओईपी_तिसरं_वर्ष

आमचा एक अपराइट (चाकाचा हब धरणारा भाग) मागच्या महिन्यातच तुटलाय, कपाटात पडून आहे. उद्याच बघतो. मनापासून आभार.


जिम्नीवाला_चिंचवड

माझ्या पाच दाराच्या जिम्नीसाठी काही सांगाल का? जपानी कंपन्या हिच्यासाठी पार्ट काढतील का?


घाटवळण

तुमची गाडी गुरुग्रामला बनते आणि तीच आता नोमाड नावाने जपानमध्ये विकली जाते. जानेवारी २०२५ च्या अखेरीला जाहीर झाली आणि चार दिवसांत सुमारे ५०,००० मागण्या आल्या म्हणून सुझुकीला बुकिंग थांबवावं लागलं. एवढी मागणी असेल तर पार्टवाले मागे राहणार नाहीत. तीन दारांच्या जिम्नीसाठी सायलेन्सर आणि शॉकअप आधीपासून मिळतात. पण पाच दारांचा व्हीलबेस आणि वजन वेगळं, त्यामुळे तीन दारांचे स्प्रिंग जसेच्या तसे लावू नका. पाच दारांसाठी म्हणून लिहिलेलं असेल तरच घ्या, आणि उंची वाढवायची तर काळा_कोट साहेबांचा प्रतिसाद पुन्हा वाचा.


सह्याद्री_फिरस्ता

मॅपिंगचा विचार सोडला, आधी ट्रॅकवर एक दिवस जाऊन बघतो. शेवटचा प्रश्न. घाट चढून आलो की टर्बो गाडी लगेच बंद करू नये म्हणतात. हे अजून खरं आहे का? पूर्वी लोक टर्बो टायमर लावायचे, किल्ली काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारा.


टर्बोतात्या

याचं उत्तर मी देतो, रोज बघतो म्हणून. इंजिन बंद केलं की तेलाचा पंप थांबतो. टर्बोचं गरम टोक मात्र तापलेलंच असतं आणि ती धग दांड्यावरून बेअरिंगकडे येते. तिथे थांबलेलं तेल करपतं आणि कोळशासारखा थर धरतो. पुढच्या वेळी तोच थर तेलाची वाट अडवतो. नव्या गाड्यांत टर्बोच्या गाभ्यातून पाणीही फिरतं, काहींत बंद केल्यावरही छोटा पंप ते फिरवत राहतो, त्यामुळे धोका पुष्कळ कमी झालाय. तरी कशेडी किंवा खंबाटकी तळापासून दामटत चढून आलात आणि वर लगेच चहाला थांबलात, तर अर्धा ते एक मिनिट आयडलिंगवर ठेवा. शहरात हळू चालवून घरी आलात तर काही गरज नाही, शेवटचे दोन किलोमीटर सावकाश आले की टर्बो आपोआप निवतो. आणि गाडीच्या पुस्तकात ज्या ग्रेडचं तेल लिहिलंय तेच घाला, वेळेच्या थोडं आधीच बदला.


घाटवळण

तात्यांच्या उत्तरात एकच भर. एचकेएसचे टर्बो टायमर एके काळी खूप चालायचे ते याच कारणाने. ते पाण्याने थंड होणारे टर्बो सर्रास येण्याआधीचे दिवस होते. आज तुमच्या गाडीला टायमर बसवायची गरज नाही, आणि बंद गाडी किल्लीशिवाय चालू ठेवणारं यंत्र लावलं तर चोरीच्या विम्याचाही प्रश्न येईल. चहा सांगायचा, गाडीजवळ उभं राहायचं, तेवढ्यात मिनिट होतं.